सायलेन्सर कंपनीचाच आहे

“एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं थोडं काम होतं,” असं मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात म्हटलं, तेव्हा काउंटरवरच्या काकांनी चष्म्याच्या वरून बघत विचारलं, “हेड खोललंय का?”

“नाही. गाडी चालू आहे. बाहेर उभी आहे की.”

“मग व्हॉल्व्ह कुणाला घालताय?”

त्यांचं बरोबर होतं. सगळ्या मेकॅनिक जमातीला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकच ठाऊक असतो, इंजिनाच्या डोक्यातला. जळलेला धूर बाहेर सोडायचा आणि लगेच घट्ट मिटायचं, एवढंच त्याचं काम. पण ते तो जन्मभर भट्टीत बसून करतो. पेट्रोल इंजिनात त्याचं डोकं सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतं. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत तो एकदा उघडतो. सहा हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला सहा हजार फेऱ्या असताना, सेकंदाला पन्नास वेळा उघडझाप होते. काही तालेवार इंजिनांत तर व्हॉल्व्हची दांडी पोकळ ठेवून आत सोडियम भरतात. ते ९८ अंशांना वितळतं आणि दांडीत वरखाली हिंदकळत डोक्याची उष्णता दूर नेऊन सोडतं. आणि हा व्हॉल्व्ह एका कडेनं जरी नीट बसला नाही, तरी तिथून आग निसटते, कड जळते, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी चढाला रडायला लागते.

मला हवा होता तो दुसरा, गाडीच्या शेपटीतला. त्याला व्हॉल्व्ह म्हणणं म्हणजे खरं तर मोठेपणा देणं आहे. मराठीत झडप म्हणावं तर आमच्याकडं झडप घालतो तो उसातला बिबट्या. काकांना मी ते समजावत बसलो नाही. अर्धा मीटर रबरी नळी घेतली आणि बाहेर पडलो.

डोक्यातल्या व्हॉल्व्हशी माझी ओळख जुनी आहे. कऱ्हाड तालुक्यात माझ्या मामांचं गुऱ्हाळ होतं आणि घाणा फिरवायला एक सिलिंडरचं, साडेसहाशे आरपीएमचं डिझेल इंजिन. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू व्हायचा. त्याच्या आधी मामा इंजिनाचं हेड उतरवून पोत्यावर घ्यायचे. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्टचं बोट फिरवायचं, काठीच्या टोकाला असलेली रबरी वाटी व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची आणि काठी दोन तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची. सुरुवातीला खर्रखर्र असा खडबडीत आवाज यायचा. मामा मधेच व्हॉल्व्ह उचलायचे, थोडा फिरवून पुन्हा ठेवायचे, पुन्हा घुसळण. हळूहळू आवाज मऊ होत जायचा. तो पुरेसा मऊ झाला की मामा थांबायचे, रॉकेलच्या चिंधीनं पुसायचे आणि कडेला सगळीकडून सारख्या रुंदीची करडी रेघ उमटलीय का ते उजेडाकडं धरून बघायचे. तेवढ्यावरही विश्वास नसे. व्हॉल्व्ह जागेवर बसवून वरून रॉकेल ओतायचे आणि बिडी ओढायला लांब जाऊन बसायचे. परत येईपर्यंत एक थेंब जरी झिरपला असला, तर पहिल्यापासून सगळं.

हे काम ते कानानं करायचे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. हंगाम सुरू झाल्यावर कळलं. एक सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. साडेसहाशेला म्हणजे मिनिटाला सव्वातीनशे, सेकंदाला पाचाहून थोडे जास्त ठोके. मोजता येतात. मामा काहिलीजवळ उकळत्या रसाची मळी काढत असायचे, घाण्याकडं पाठ. मोळी जास्त गेली की ठोके जड पडायचे, इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल वाढवायचा, नळीतून काळा धूर यायचा. पण धूर दिसायच्या आधीच मामा मान न वळवता ओरडलेले असायचे, “आरं बेतानं घाल की!”

आमच्या जिल्ह्याला इंजिनाचा आवाज नवा नाही. १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर इथलेच. त्यांच्या सातारा रोडच्या कारखान्यानं लोखंडी नांगरापासून सुरुवात करून डिझेल इंजिनं काढली. प्रिया स्कूटर साताऱ्यातच बनायची. आणि तरीही साताऱ्याची ओळख काय, तर पेन्शनरांचं गाव. दुपारी एक ते चार पेठांमध्ये कुत्रंसुद्धा दबकून भुंकतं.

कॉलेजात असताना या शांततेचा बदला आम्ही मित्राच्या आरएक्स १०० वर घेतला होता. टू स्ट्रोक गाडी, तिच्या डोक्यात असे व्हॉल्व्हच नसतात. सायलेन्सरच्या मागून आवाज दाबणारी पुंगळी काढून टाकायची, एवढंच आमचं इंजिनिअरिंग. गाडीचा पळ वाढला असं आम्ही शपथेवर सांगायचो. वाढला होता फक्त आवाज, आणि चढावर पहिल्यासारखी ओढही राहिली नव्हती, पण ते कबूल कोण करणार.

तर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी पुण्याहून एक जुनी गाडी घेतली. जर्मन बनावटीची, २००९ सालची, सहा सिलिंडरची पेट्रोल सेडान. नवीन असती तर माझ्या सात पिढ्यांना परवडली नसती. जुनी झाल्यावर किमतीत एखाद्या नव्या हॅचबॅकच्या बरोबरीला आली होती. घरी सांगताना मी हीच तुलना वापरली, टायरची किंमत सांगितली नाही.

गाडी सुंदर पळायची, पण गप्प. देगाव रस्त्याला एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं ऑइल बदलायला रॅम्पवर घेतली, तेव्हा मागचा सायलेन्सर पहिल्यांदा खालून बघितला. दोन नळकांडी बाहेर पडत होती. उजव्या नळकांड्याला बाहेरून एक छोटा डबा, त्यातून एक दांडी, दांडीच्या टोकाला खटका. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरनं दांडी दाबली तसा आत टप् असा आवाज झाला.

“बटरफ्लाय हाय आत,” ते म्हणाले. “कार्बोरेटरला असतीय तशी.”

रचना साधी आहे. नळीत एक गोल चकती. डब्यात रबरी पडदा आणि स्प्रिंग. इंजिनाकडून व्हॅक्यूमची बारीक नळी डब्यापर्यंत येते, मधे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारा एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवरची तोटी. गाडी जागेवर उभी असताना किंवा हळू चालत असताना व्हॅक्यूम पडदा ओढून धरतो, चकती मिटते आणि सगळा धूर एकाच नळकांड्यातून सभ्यपणे जातो. पाय दाबला, आरपीएम चढला, की कॉम्प्युटर व्हॅक्यूम सोडतो, स्प्रिंग चकती उघडते आणि दोन्ही नळकांडी बोलायला लागतात. व्हॅक्यूम नसेल तर चकती उघडीच राहावी, हेही मुद्दाम. उद्या नळी चिरली आणि चकती मिटूनच राहिली, तर जोरात पळवताना इंजिनाचा श्वास कोंडेल.

आता इतका खटाटोप कशासाठी? एक तर आतल्या माणसाला शांतता हवी. दुसरं म्हणजे परीक्षा. गाड्यांच्या आवाजाची चाचणी ठरलेल्या पद्धतीनं होते. ताशी ५० च्या आसपास वेगानं गाडी आणायची, वीस मीटरच्या पट्ट्यात अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबायचा, साडेसात मीटरवर दोन्ही बाजूंना माईक. झडपेनं त्या पट्ट्यात तोंड मिटून धरलं, की पुढं हायवेवर काय वाटेल ते बोलायला मोकळी. ही चलाखी ओळखून युरोपातल्या नियमांनी नंतर पट्ट्याबाहेरचा आवाजही तपासायला सुरुवात केली. वर्गात हाताची घडी घालून बसणारा आणि मधल्या सुट्टीत बाकं वाजवणारा पोरगा मास्तरांनी शेवटी पकडला, असं समजा.

मिस्त्रींना मी विचारलं, ही कायम उघडी ठेवता येईल का?

“येईल की. नळी उपसायची, तोंड बंद करायचं.”

अमेरिकेत लोक या नळीच्या तोंडाला गोल्फचा टी, म्हणजे चेंडू ठेवायची बारकी खुंटी, ठोकतात म्हणे. साताऱ्यात गोल्फचा टी कुठला? मिस्त्रींनी सायकलच्या वालट्यूबचा तुकडा घेतला, त्यात चार एमएमचा बोल्ट आवळून बसवला आणि तो नळीत सारला. तोंड बंद करणं गरजेचं, नाहीतर तिथून हवा ओढली जाते आणि गाडी जागेवर हेलकावे खाते. एकूण काम पाच मिनिटांचं. पैसे घेतले नाहीत, चहा मागवला. दुकानातून आणलेली अर्धा मीटर नळी तशीच डिकीत पडली.

मग मी चावी फिरवली. काय सांगू! गॅरेजच्या पत्र्यानं आवाज उचलला. मिस्त्रींचा पोरगा पाना टाकून बाहेर आला. सहा सिलिंडरचं इंजिन एका फेरीला तीनदा पेटतं. दोन हजार आरपीएमला सेकंदाला शंभर ठोके. मामांच्या इंजिनाचे पाच ठोके मोजता यायचे. हे शंभर मिसळून त्याचा एकच स्वर होतो, जाड आणि दाणेदार, तंबोऱ्याच्या खर्जासारखा. पाय दाबला की तो स्वर चढत जातो. मी त्या दिवशी समर्थ मंदिरावरून बोगद्यात गेलो, काचा खाली, दुसरा गिअर. बोगद्यात शिरल्यावर हॉर्न वाजवायचा नाही असा सातारकर अजून जन्माला यायचाय, पण त्या दिवशी मला हॉर्न लागला नाही. सज्जनगडाच्या बाजूला बाहेर पडलो, वळलो आणि पुन्हा आत आलो. चार वेळा.

पुढच्या रविवारी मामांना मोठ्या हौसेनं त्याच बोगद्यातून नेलं. बाहेर पडल्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “येवढी वरडतीया. आजारी हाय का?”

मामांचं सोडा, पण एक हिशोब मला पहिल्या आठवड्यातच कळायला हवा होता. जोरात पळवताना ही झडप तशीही उघडतेच. म्हणजे ती कायम उघडी ठेवून घाटात, हायवेवर, जिथं आवाजाला काही अर्थ आहे तिथं मला नवीन काहीच मिळत नव्हतं. ताकद तर अजिबात नाही. फरक पडत होता तो फक्त झडप मिटलेली असते तिथं. गल्लीत, सिग्नलला, दवाखान्यासमोर, पहाटे पार्किंगमधून गाडी मागं घेताना. म्हणजे नेमका जिथं आवाज नको तिथलाच आवाज मी पदरमोड करून, बरं, एका बोल्टच्या खर्चात, विकत घेतला होता.

आमच्या गल्लीत समोर एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांचा पलंग रस्त्याकडच्या खिडकीला लागून आहे. मी सातच्या सुमारास कामावरून यायचो आणि गाडी लावून उतरेपर्यंत त्यांच्या खिडकीची दोन्ही दारं मिटलेली असायची. आधी उघडी असायची का, आठवत नाही. आधी मी तिकडं बघतच नव्हतो. आता रोज बघायला लागलो. ते काही बोलले नाहीत. भेटल्यावर पूर्वीसारखंच “काय, पाऊस काय म्हणतोय?” एकदा गंमत म्हणून मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून गाडी चालू केली. ॲपच्या आकड्यावर फार विसंबू नये हे मान्य, पण नियमात निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ अशी मर्यादा आहे आणि माझा आकडा सत्तरीच्या खाली यायला तयार नव्हता. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मी ॲप काढून टाकलं.

मग पोलिस. त्या महिन्यात पुंगळ्या काढलेल्या बुलेट धरायची मोहीम चालू होती. नाक्यावर एका हवालदारांनी हात केला. “सायलेन्सर बदललाय का?”

“नाही साहेब. सायलेन्सर कंपनीचाच आहे.”

त्यांनी वाकून बघितलं. कंपनीचाच होता. शिक्का होता, नंबर होता. “मग एवढी वाजती कशी?” “सहा सिलिंडर आहेत ना साहेब.” त्यांनी मान हलवली आणि सोडलं. दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो अशी ती गोष्ट. मी एक अक्षर खोटं बोललो नव्हतो. माझ्या मागं उभा असलेला बुलेटवाला पोरगा, वीस-बावीस वर्षांचा, खाली उतरून पावती फाडत होता. त्याच्या सायलेन्सरला कंपनीचा शिक्का नव्हता. त्याच्यात आणि माझ्यात फरक तेवढाच. आरशात तो लांब जाईपर्यंत दिसत राहिला.

तरी मी बोल्ट काढला नाही. माणूस इतक्यावर सुधारत नाही.

हायवेवर वेगळाच त्रास सुरू झाला होता. ताशी शंभरला गाडी टॉप गिअरमध्ये दोन हजारांच्या आसपास फिरते. तोच तो सेकंदाला शंभर ठोक्यांचा स्वर, आणि तो बंद काचांच्या आत नेमका घुमायचा. दहा मिनिटं बरं वाटतं. पुण्यापर्यंत जायचं तर कानात कुणीतरी घागर फुंकतंय असं होतं. बायकोनं मागं बसायला सुरुवात केली, मग बरोबर यायचंच कमी केलं. तिनं एकदा गॅलरीतून सांगितलंही होतं, “तुम्ही निघता तेव्हा गाडी किणकिणते. पुढून.” मी ऐटीत म्हटलं, “तो एक्झॉस्टचा आवाज असतो.” तिनं पुढं वाद घातला नाही. एक्झॉस्ट मागं असतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही.

खंबाटकीत तिसऱ्या-चौथ्या वळणाला स्टिअरिंग एकदम दगड झालं. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा. कशीबशी डाव्या अंगाला घेतली, पार्किंग लाइट लावले, बॉनेट उघडलं. पट्टा जागेवर नव्हता. त्याची एक चिंधी पंख्याच्या जाळीत अडकून लोंबत होती. मागून उसाच्या मोळ्या घेऊन एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत आला. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडून सांगून गेला, “बेल्ट गेला, पावनं!” त्याला ते चालत्या ट्रकमधून कळलं.

रिकव्हरी व्हॅननं गाडी देगाव रस्त्याला आणली. मिस्त्रींनी पट्ट्याला ताणून धरणारी एक पुली काढली, मुठीएवढी. बोटावर फिरवली. खर्रर्र. आतलं बेअरिंग संपलं होतं. गोट्या एकीकडं, पिंजरा एकीकडं. पुली तिरकी झाली, पट्टा कडेनं चिरत गेला, सुटला.

“ही काय एका दिसात जात न्हाय,” मिस्त्री म्हणाले. “महिनाभर तरी बोंबलत आसंल. तुमाला ऐकू आलं न्हाय?”

मी पुली त्यांच्या हातून घेतली आणि फिरवून बघितली. तोच किणकिणाट. सुटा, हातात घेतल्यावर स्पष्ट. पोत्यावर बसून काठी घुसळणारे मामा आठवले. आवाज मऊ होईपर्यंत न थांबणारे.

“ऐकू आलं नाही,” मी म्हटलं.

मिस्त्रींनी मान डोलावली, नवीन पुली, नवीन पट्टा घातला, आणि गाडी रॅम्पवर असतानाच मी त्यांना मागं बोलावलं. वालट्यूबचा तुकडा बोल्टासकट उपसला. रबर उष्णतेनं कडक झालं होतं, बोटात तुकडे पडले. कंपनीच्या नळीचं टोकही चिरलं होतं, तेव्हा डिकीतली ती अर्धा मीटर नळी कामाला आली. पण चकती मिटेना. इतके महिने एकाच जागी उभी राहून तिच्या दांड्याला गंज चढला होता. गंज सोडवायचं ऑइल मारत, स्क्रू ड्रायव्हरनं हलवत अर्धा तास गेला. शेवटी टप् झालं.

सगळं वैराग्य आलं असं मात्र सांगत नाही. मिस्त्रींच्या पोरानं मधेच एक डोकं लढवलं. त्याच्या घरी माशांची काचेची टाकी आहे. तिच्या हवेच्या पंपाला असते ती प्लास्टिकची बारकी तोटी त्यानं दुसऱ्या दिवशी आणली आणि व्हॅक्यूमच्या नळीत बसवून दिली. तोटी सरळ असली की झडप कॉम्प्युटरचं ऐकते. आडवी केली की व्हॅक्यूम तुटतो आणि झडप उघडी. तोटी डिकीच्या खाली आहे, म्हणजे ती फिरवायची तर रस्त्याकडेला थांबून, उतरून, गुडघ्यावर बसावं लागतं. पँट मळते. एवढा त्रास घेऊन आवाज हवाच असेल तर घ्यावा. वर्षात दोनदा घेतला, दोन्ही वेळा बोगद्याच्या अलीकडं, आणि दोन्ही वेळा पलीकडं गेल्यावर पुन्हा गुडघ्यावर बसलो.

आता गल्लीत गाडी येते तेव्हा इंजिनाचा पट्टा, पंख्याची घरघर, टायरखालची खडी, सगळं वेगवेगळं ऐकू येतं. परवा डाव्या पुढच्या चाकातून बारीक घूंघूं यायला लागलीय. बेअरिंग असावं. शनिवारी दाखवायचंय.

समोरच्या सरांची खिडकी अजूनही सातला मिटलेलीच असते. बायको म्हणते, डास येतात म्हणून लावतात, पहिल्यापासून. असेलही. सरांना विचारायचं मी दोनदा ठरवलं, आणि दोन्ही वेळा आम्ही पावसावरच बोललो.